उबाल्दो, शून्य मीटर

मशीनला घाबरणाऱ्यांतली आपण नव्हे, असं देल्फिना पोमुच गावातल्या बायकांना ठणकावून सांगायची. सत्तावन्नाव्या वर्षी तिने कुणाच्याही मदतीशिवाय, गुपचूप, जोडीदार जमवून देणाऱ्या साइटवर नाव घातलं. एका दुपारचं काम. एकच रकाना जरा अडला. 'कसा पुरुष हवा? नाव, वय, फोटो जोडा.' चार वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याचं, उबाल्दोचं, नाव, तेव्हाचं वय आणि फोटो तिने जोडला. असाच, फक्त घोरणारा नको, एवढं लिहायला तिथे जागा नव्हती.

आणि आठवड्याभरात शेजारच्या गावचा गास्पार सापडला. विधुर, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, लिहिताना एक शब्द वाया न घालवणारा. रविवारी तो जेवायला येणार होता. चार वर्षांत पहिल्यांदा देल्फिनाने दोन माणसांचा स्वयंपाक मनात मांडला.

त्या नादात उबाल्दोची हाडं राहिली. ऑक्टोबर सरत आला की पोमुचची माणसं दफनभूमीत जातात, आपल्या माणसाच्या हाडांची लाकडी पेटी उघडतात, एकेक हाड ब्रशने पुसतात आणि खाली भरतकामाचं नवं कापड अंथरतात. नाही पुसलं तर गेलेला माणूस रागावतो आणि गावभर भटकतो. नणंद सोकोर्रो रोज तेच ऐकवायची.

"वहिनी, दादा वाट बघतोय."

"बघू देत की वन्सं. त्यांना कुठे जायचंय?"

मंगळवारी देल्फिना बेकरीत गेली, तर गल्ल्यावरची रुफिना हातातल्या फोनकडे बघून पांढरीफटक पडली.

"देल्फिना, तुझा नवरा इथे आहे."

"काहीतरीच काय."

"दोन मीटरवर. हे बघ."

पडद्यावर जाहिरात होती. लग्नकार्यात घालायच्या शर्टातला उबाल्दो थेट तिच्याकडे बघत होता. 'उबाल्दो, ५४. तुमच्यापासून दोन मीटरवर. तुमची वाट पाहत आहे.'

"हे तुला कुठे दिसलं?"

"भाचीचा फोन आहे," रुफिना घाईने म्हणाली आणि पिशवीत दोन पाव जास्तच टाकले.

देल्फिनाने बाहेर येऊन स्वतःचा फोन उघडला. 'उबाल्दो, ५४. शून्य मीटर.' खाली दुसरी जाहिरात: 'भरतकामाचं कापड. अजून वेळ गेलेली नाही.'

ती घरी आली. शून्य मीटर. न्हाणीत शिरली. शून्य मीटर. हा माणूस जिवंतपणी दहा हाका मारल्या तरी स्वयंपाकघरात यायचा नाही, आणि आता घेवडा ढवळताना तिच्या मानेशी उभा. बुधवारी ती बस पकडून सरळ कांपेचे शहरात पळाली. तिथवर तो शेजारी बसून आला, तेही बिनतिकिटाचा.

गावात कुजबुज सुरू झाली. उबाल्दो चर्चपाशी होता म्हणे, मग मासळीबाजारात. त्याला पाहिलेल्या सगळ्या बायका पन्नाशीच्या पुढच्या, आणि सगळ्यांच्या हातात भाचीचाच फोन.

गुरुवारी देल्फिनाने गास्पारला लिहिलं, 'येऊ नका. घरात माणूस आहे.'

त्याचं उत्तर आलं, 'बरं.'

एवढ्याशा शब्दाने तिला रात्रभर रडवलं.

शुक्रवारी दुपारी ती सोकोर्रोला घेऊन दफनभूमीत गेली. पेटी उघडली. दफनभूमीत वारा नव्हता, तरी कापडाची कड हलल्यासारखी वाटली. कवटी ओंजळीत घेऊन ती हळूच म्हणाली, "चुकलं माझं. त्या माणसाला नको म्हणून कळवलंय."

"कोणत्या माणसाला?" सोकोर्रोने विचारलं.

तेवढ्यात दोघींचे फोन एकदम वाजले. दोन्हीकडे उबाल्दो. देल्फिनाकडे शून्य मीटर, सोकोर्रोकडे एक.

"बघ," सोकोर्रोने फोन पुढे केला. "मंगळवारपासून माझ्या मागे आहे. चर्चमध्ये तीन मीटर. मासळीवाल्याकडे चार."

"चर्चमध्ये तर मी होते, तुमच्या मागे तिसऱ्या बाकावर." देल्फिनाने कवटी पेटीत ठेवली. "मासळीवाल्याकडेही मीच होते."

मग तिला तो रकाना आठवला. फोटो तिने दिलेला, फोन तिचा. त्या शहाण्या साइटने उबाल्दोला उमेदवार समजून, देल्फिना जाईल तिथे, आसपासच्या पन्नाशीच्या बायकांपुढे उभं केलं होतं. तिने सगळं कबूल केलं, गास्पारसकट. सोकोर्रो ऐकत होती, एकच बरगडी पुन्हा पुन्हा पुसत.

"पण वन्सं," देल्फिना सावकाश म्हणाली, "ही जाहिरात तिथे नाव घातलेल्यांनाच दिसते."

सोकोर्रोने घाईने दुसरी बरगडी पुसायला घेतली.

"तुम्हाला तर भाचीही नाही."

"त्या गास्पारला बोलव रविवारी," सोकोर्रो खाली मान घालून म्हणाली. "दादाची खुर्ची मात्र द्यायची नाही." मग अगदी बारीक आवाजात, "मी दादालाच तिथे लाल बदाम पाठवला गं. चष्मा नव्हता डोळ्यांवर."

देल्फिना हसली नाही. तिने गास्पारला 'या' लिहिलं. त्याचं 'येतो' आलं. मग तिने तो रकाना शोधला आणि उबाल्दोला पुसून टाकलं.

सोकोर्रोचा फोन वाजला. 'क्षमस्व. उबाल्दो यांना आपल्यात रस नाही.'

सोकोर्रोने पेटीतल्या भावाकडे बराच वेळ रोखून पाहिलं.

"लहानपणापासून असाच," ती म्हणाली आणि झाकण जरा जोरातच लावलं.