बाकीच्या ताराबाई

रक्षाविसर्जनाला भाषणं होणार, हे कसबा बावड्यात कुणाला सांगावं लागत नाही. राख सावडून होते न होते तोच माईक सुरू होतो. अक्षताची त्याला हरकत नव्हती. आपल्या आईबद्दल, ताराबाईंबद्दल, कुणीतरी एक खरं वाक्य बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

गल्लीचे पुढारी आण्णा पहिले उठले. निवडणुकीत उंबऱ्यावरून केलेला नमस्कार, एवढीच त्यांची आईशी ओळख.

“ताराबाई! नावातच समदं आलं!” आण्णा गरजले. “औरंगजेबाला घाम फोडणारी रणरागिणी! घोड्यावर मांड ठोकली की मोगल पसार!”

अक्षताची आई लूनावर मागं बसली तरी डोळे मिटून घ्यायची.

“आण्णा, आईबद्दल बोला,” ती पुढं होऊन हळूच म्हणाली.

“तेच चाललंय की, ताई!”

मग निवृत्त मुख्याध्यापक सयाजी सरांनी माईक घेतला. आण्णांना एकच ताराबाई ठाऊक, हे त्यांना सहन झालं नसावं. त्यांनी पुरुषांची खरडपट्टी काढणाऱ्या ताराबाई शिंदे आणल्या, बालवाड्या काढणाऱ्या ताराबाई मोडक आणल्या, सनावळीसकट. अक्षतानं या तिघींविषयी पुष्कळ वाचलं होतं. तिला त्यांच्याबद्दल आदर होता. आज मात्र तिला तिघींचा राग आला. त्याहून जास्त सरांचा. त्यांच्या अंगातला सदरा आईनं शिवलेला होता.

दूध संस्थेचे आकाराम पाटील उठेपर्यंत ताराबाया संपल्या होत्या. ते जरा घुटमळले.

“चौकात ताराराणीचा पुतळा हाय. आपल्या गल्लीतबी एक पायजे!”

“कुणाचा?” अक्षतानं विचारलं.

“राणीचाच की! घोड्यासकट!”

टाळ्या पडल्या. स्मशानात. कुणीतरी “जय भवानी” म्हणालं, आणि पलीकडच्या रक्षाविसर्जनाला आलेल्या पावण्यांनीही “जय शिवाजी” म्हणून साथ दिली.

माईकची वायर उपटायला अक्षता निघालीच होती, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून शेजारच्या धोंडुबाई उभ्या राहिल्या.

“कसली राणी न् कसलं काय! नळाला पाणी आलं की पयली घागर हिची. माझी घागर लाथंनं उडीवलीया हिनं! माझ्या लेकीच्या लग्नात समदी झंपरं फुकाट शिवली, आन् वर म्हणती कशी, ‘लेकीला तुज्यागत फुगू देऊ नगं, कापड पुरायचं न्हाय!’”

“ओ धोंडुबाई, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलत्यात व्हय?” आण्णा माईक ओढून घेऊन मध्ये पडले.

अक्षतानं त्यांच्या हातातला माईक हिसकावला आणि धोंडुबाईंपुढं धरला.

“बोला, मावशी. काही शिल्लक ठेवू नका.”

“ठेव बाजूला ते डबडं. तिला माझा आवाज भिताडापल्याडनं ऐकू यायचा,” धोंडुबाई म्हणाल्या, आणि कमरेला पदर खोचून, रक्षेकडं तोंड करून भांडायला लागल्या.