खरात काकांची वसुली

आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा खरात काकांनी खुर्चीत बसण्याआधी हॉलवरून एक नजर फिरवली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "टीव्ही जाईल. फ्रिज जाईल. सोफा बी जाईल. गाद्या आन् भांडीकुंडी राहतील, त्याला कुणी हात लावू शकत नाय." बायको ट्रे घेऊन दारातच थबकली. तिला वाटलं, हा कुणी ज्योतिषी आहे आणि आमचे दिवस भरलेत.

काका दिवाणी न्यायालयात बेलीफ होते. समन्स बजावायचे आणि पैसे बुडवणाऱ्यांच्या घरातलं सामान जप्त करायचं, यात त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्त होऊन एन-नऊ सेक्टरमध्ये आमच्या शेजारी राहायला आले, पण नजर काही निवृत्त झाली नाही. कुणाच्याही घरात गेले की इथलं काय उचलता येईल आणि काय नाही, याची वाटणी ते मनातल्या मनात करत. ती फार वेळ मनात राहत नसे. वास्तुशांतीला गेले तर यजमानाच्या नव्या डायनिंग टेबलावर हात फिरवून म्हणत, "हे न्यायला चार माणसं लागतील." यजमान हसून घेत असे आणि जेवताना टेबलाची कड धरून बसत असे.

गल्लीत कुणाचेही पैसे अडकले की माणूस काकांच्या ओट्यावर हजर. आणि पैसे न अडकलेला माणूस आमच्या गल्लीत शोधून सापडायचा नाही. कुणी मित्राला प्लॉटसाठी दिलेत, कुणी भिशीत घातलेत, कुणी अशा बिल्डरला दिलेत की ज्याची इमारत फक्त कॅलेंडरवर उभी आहे. काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "कागद हाय का?"

"कागद कसला काका, विश्वासावर दिले."

"मंग विश्वासाकडूनच वसूल करा."

दुसरा प्रश्न, किती दिवस झाले? कारण तीन वर्षं उलटली की कोर्टात दावा चालत नाही. "दावा मेल्यावर आणू नका माझ्याकडं," काका म्हणायचे, "जिता हाय तवाच आणा."

समोरचे नलावडे एकदा मेव्हण्यानं दिलेला दोन लाखांचा चेक घेऊन आले. चेकला हळदकुंकू लागलेलं होतं. आठ महिने तो देवघरात होता.

"ह्याची पूजा केली व्हय?" काका कडाडले. "तीन म्हयन्यांच्या आत बँकेत टाकायचा आस्तो! टाकला आस्ता, वटला नस्ता, मंग तीस दिवसांत नोटीस, नोटिसीवर पंधरा दिवस वाट, आन् त्यावर थेट फौजदारी. लई घाम फुटला आस्ता त्याला."

"आता हो?"

"आता वकिलाची नोटीस द्या. नाय ऐकलं तर दिवाणी दावा."

नलावडे चुळबुळले. "नोटीस नको हो काका. वाईट दिसतं. भाऊबीज तोंडावर आलीय."

"मंग काय आरती ओवाळू त्याला?"

"ती तर हिला ओवाळावीच लागणार आहे," नलावडे अगदी मनापासून म्हणाले. काकांनी कपाळावर हात मारून घेतला. नलावड्यांनी तो चेक घडी करून पुन्हा खिशात ठेवला, आणि बहुधा पुन्हा देवघरात.

दावा जिंकणं ही काकांच्या मते नुसती बालवाडी. खरी शाळा पुढे, पैसे हातात पडेपर्यंत. अकरा वर्षं भांडून हुकूमनामा मिळवलेला आणि तो फ्रेम करून भिंतीवर लावलेला एक व्यापारी त्यांच्या ओळखीचा होता. पैसे अजून यायचे होते, पण फ्रेम चांगली होती. सोयगावकडच्या एका गावात ते जप्तीला गेले तर घरात फक्त एक चटई आणि हसणारा मालक. भिंतीवर मात्र फ्रिजच्या आकाराचा पांढरा चौकोन. काका शेजारच्या घरात पाणी प्यायला गेले. तिथे दोन फ्रिज होते, एकातही पाणी नव्हतं, आणि शेजारीण शपथेवर सांगत होती की आम्हाला थंड फार लागतं.

टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट बंद करून स्पीड पोस्टात मिसळून टाकलं, तेव्हा आयुष्यभर नोटिसा रजिस्टरनंच धाडायला सांगणारे काका दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. कुणी गेल्यावर जातात तसे आम्ही भेटायला गेलो. 

तर अशा या काकांचा मला राग यायचा तो युसूफभाईंमुळे. युसूफभाई अदालत रोडवर वकिलांचे काळे कोट शिवायचे. नजर अधू झाली तसे कन्नडला मुलाकडे गेले. जाताना मुलाच्या नव्या शिलाई मशीनसाठी त्यांनी काकांकडून चाळीस हजार उसने घेतले होते. तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला हा सत्तरीतला, गुडघे गेलेला माणूस एसटीनं इथे यायचा, पाचशे रुपये द्यायचा आणि काकांच्या वहीत सही करायचा. काका त्यांना दुपारच्या चारच्या गाडीपर्यंत सोडत नसत. बिचाऱ्याला पाच-सहा तास बसवून हा काय छळतो, असं मला वाटे.

"काका, पैसे फोनवर पाठवायला सांगा ना," मी एकदा म्हणालो.

"फोनला सही आस्ती का? पैशे देणाऱ्याच्या हातची सही लागते. त्या सहीपासून तीन वर्षं मुदत पुन्ना सुरू."

"मग तीन वर्षांतून एकदा घ्या!"

"सर, तुमी शाळेत शिकवा. वसुली मला शिकवू नका."

माझं डोकं फिरलं. मी युसूफभाईंच्या मुलाचा नंबर मिळवला आणि त्याला चांगला झापला. वडिलांना असं फरपटवतोस, लाज वाटत नाही? तो बिचारा म्हणाला, "अंकल, पैसे तयार हैं. अब्बूच नक्को बोलते. बोले, हमारा हिसाब हमारेकू करने दे." मी म्हटलं, ते काही नाही, या वेळी सगळे पाठव.

पाच तारखेला मी रजा टाकून साक्षीदार म्हणून काकांकडे जाऊन बसलो. मोठं पुण्यकर्म केल्याचा थाट होता माझा. युसूफभाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि मान खाली घालून काकांना म्हणाले, "बाबूराव, पूरे हैं. गिन लेव."

काकांनी पाकिटाला हात लावला नाही. "एकदम कशाला? हप्ता ठरलेला हाय."

"बेटा सुनताच नहीं."

"नोटा मळकट दिसतेत."

"काका," मी म्हणालो, "सगळी रक्कम समोर ठेवली तर कायद्यानं नाकारता येते का?" काकांचंच हत्यार काकांवर चालवल्याचा मला फार आनंद झाला होता.

त्यांनी पाकीट जवळ ओढलं. "नाय येत," म्हणाले. मग नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. पावती लिहायला घेतली, पण अर्ध्यावर पेन खाली ठेवलं.

"सर, तुमची काकू गेल्यापासून ह्या घरात कामाबिगर येणारा ह्यो एकच माणूस हाय. बाकी समदे कागद घेऊन येतेत. पोरगा पुण्यातून फोन करतो, झालं. आमी दोघं खिचडी लावतो, कोर्टातल्या जुन्या माणसांची आठवण काढतो. कोण मेलं, कोण हाय. कर्ज हाय म्हणून ह्याचा पोरगा ह्याला बशीत बसवून देतो. आता काय सांगून निघंल ह्यो घरातून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं खिडकीतून पाहत होतो, आणि दिसलं काय होतं मला, तर छळ. युसूफभाई चष्मा पुसत बसले होते. काकांनी पावती पूर्ण केली, सही केली, पुढे सरकवली. युसूफभाईंनी ती खिशात घातली, पिशवी उचलली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दारापर्यंत गेले. तिथून वळले.

"बाबूराव, मेरेकू पाँच सौ उधार होना."

"कायकू?"

"होना बोले तो होना. कागज निकालो."

 काका इतक्या घाईनं उठले की खुर्ची मागे कलंडली. कोरा कागद काढला, महसुली तिकीट चिकटवलं, 'मी खाली सही करणार युसूफ, राहणार कन्नड' असं वळणदार अक्षरात लिहायला लागले. मध्येच स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "सर, डाळतांदूळ तेवढे भिजू घाला." परतफेडीच्या तारखेपाशी आले तेव्हा पेन थांबलं. त्यांनी युसूफभाईंकडे पाहिलं, ती जागा तशीच कोरी सोडली, आणि सहीसाठी कागद त्यांच्यापुढे सरकवला.