न फुटलेल्या नमुन्यांचा अहवाल

वसाहतीच्या दीड किलोमीटर खाली वाळूच्या खडकाचा जाड थर आहे. त्याच्या बारीक छिद्रांत इंधनवायू दाबून साठवायचा, असं वरच्या पातळीवर ठरलं. खडक किती दाब सोसेल, एवढाच आकडा प्रयोगशाळेतल्या अभियंता बाईंनी द्यायचा होता. बाईंचा दोन वर्षांचा मुलगा त्याच वसाहतीच्या पाळणाघरात, बरोबर त्या थराच्या डोक्यावर, दुपारी झोपत असे. त्यामुळे आकडा खरा निघावा अशी त्यांची जरा जास्तच इच्छा होती.

खोदकामातून आलेले अकरा दगडी दंडगोल भांडारात होते.

"एक द्या. यंत्रात दाबून फोडते, म्हणजे कळेल."

"फोडता?" भांडारपालांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो बाई, नमुना परतीच्या बोलीवर मिळतो. जसा नेला तसा आणायचा. तुकडे काय डोक्यात घालून घेऊ?"

प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांनी तोडगा काढला: अप्रत्यक्ष चाचणी. खडकातून ध्वनिलहरी सोडायच्या आणि त्यांच्या वेगावरून सूत्रानं ताकद काढायची. सूत्र भलत्याच खडकाचं होतं, पण आकडा चाळीस आला. साहेब खूश झाले. भांडारपाल मात्र उखडले, कारण लहरी नीट जाव्यात म्हणून लावलेल्या मलमाचा नमुन्यावर डाग पडला होता. त्यांनी पेटीला सीलच ठोकलं.

मग सीलबंद पेटी उचलताना भांडारपालांच्या कमरेत किती कळ येते, ते एक ते दहा या मापात नोंदवायचं ठरलं. कळ जास्त तर वजन जास्त, वजन जास्त तर खडक घट्ट, घट्ट तर मजबूत. कळ आठ आली. कळ आणि लहरी यांचा आलेख काढला. बिंदू एकच होता, त्यामुळे रेषा अगदी अचूक गेली.

बाईंना चैन पडेना. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सील तोडलं आणि एक दंडगोल यंत्रात घातला. तो बारावरच फुटला.

"बाराच, साहेब! चाळीस नाही!"

"फुटला ना? मग तो बाद," साहेब शांतपणे म्हणाले. "बाकीचे दहा बघा. एकही फुटलेला नाही."

"कारण ते कुणी दाबलेच नाहीत!"

"तेच तर म्हणतोय. निष्कलंक कामगिरी. आणि मॅडम, तुमचं मूल तिथं आहे, म्हणजे तुमचं मत निःपक्षपाती कसं धरायचं?"

बाईंनी दुसऱ्याच दिवशी मुलाला पाळणाघरातून काढलं. अहवालात भर पडली: 'थरावरील भार बारा किलोंनी घटला असून सुरक्षिततेत वाढ झाली आहे.'

तरी बाई सही करीनात. शेवटी साहेबांनी लोकसहभागातून अंतिम चाचणी जाहीर केली. घरोघरी पत्रक गेलं: 'आपल्या घरातील फरशीवर एकदा टाच आपटावी. शंका वाटल्यास लेखी कळवावे. न कळवल्यास खडक सक्षम समजण्यात येईल.'

चार हजार घरांतून एकच पत्र आलं. ते बाईंचं होतं. वायू भरायला सुरुवात झाली.

आता हे वाचता वाचता तुम्हीही हळूच टाच आपटून पाहिली असेल. फरशी टणक लागली असेल, आणि कुणाला काही लिहून कळवावं असं मनातही आलं नसेल. आभारी आहोत. आपली नोंद घेतली आहे.