पोत्याच्या पोटातलं ओसाका

गुलाबराव शर्टाच्या खिशात पेन ठेवत नाहीत. परखी ठेवतात.

परखी म्हणजे वीतभर लांब, टोकदार, आतून पन्हळीसारखी पोकळ लोखंडी सळई. धान्याच्या पोत्यात खुपसायची आणि ओढायची, की पोत्याच्या पोटातले दाणे तळहातावर येतात. शेलूबाजारच्या धान्य बाजारात एका अडत्याकडे गुलाबरावांनी उभा जन्म हेच केलं. सोयाबीन येवो की तूर, वरून हात फिरवून खूश होणाऱ्यांतले ते नव्हेत. "वरचा दाना सगळ्याचाच चांगला राह्यते, मास्तर," ते म्हणतात. आणि लगेच दुसरं, "मालक दाखवते त्या कोपऱ्यात परखी मारू नाही."

काम सुटलं, परखी सुटली नाही. ते लांबून येताना दिसले की किराणावाला साखरेच्या पोत्यावर स्वतः चढून बसतो. नवी गादी घेताना त्यांनी दुकानातच गादीत परखी खुपसली आणि कापूस बाहेर काढला. दुकानदार ओरडला, "काका, भोक पाडलं ना तुमी!"

गुलाबरावांनी कापूस नाकाशी नेला. "भोक आधीच होतं बावा. तुह्या इमानात."

मी मूळचा गुहागरकडचा. आठवीत शाळा सोडली, शिलाई शिकलो, आणि शाळेचे गणवेश शिवून देणाऱ्या एका माणसाबरोबर इतक्या लांब आलो. हंगाम संपला तसा एका सकाळी तो माणूस दिसेनासा झाला. माझ्याजवळ मशीन होतं, ते ठेवायला जागा नव्हती. गुलाबरावांनी मला बाजारात मशीनला टेकून बसलेला पाहिलं. मशीन आडवं करून त्याचा तळ तपासला, मग माझी बोटं तपासली, आणि आपली ओसरी दिली, मागची खोलीही दिली. इथे शिंप्याला मास्तर म्हणतात. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला दिवसातून पन्नास वेळा मास्तर म्हणवून घ्यायला मिळतं ते त्यांच्यामुळे. हे उपकार मी विसरायचा नाही.

पण उपकार वेगळे आणि धास्ती वेगळी. रोज दुपारी गुलाबराव ओसरीवर येतात, माझ्या मशीनशेजारचा डबा उघडतात, आत बघतात, झाकण लावतात आणि काही न बोलता जातात. मी कोकणातला, ते माळकरी. त्यांना मासळीचा संशय असणार, दुसरं काय? आईने पाठवलेली सुकट मी भीतीने तीन पिशव्यांत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली आहे. आजवर उघडलेली नाही. डब्याची तपासणी झाली की कधीकधी आतून ताटली येते. "भाकर उरली. कुत्र्याले टाकाव तर कुत्रं नाही." एकटा माणूस, स्वतः थापतो, त्याची भाकर रोज उरते कशी, हे विचारायची माझी छाती नव्हती.

त्यांना एकच मुलगी, वैशाली. बायको लवकर गेली. वैशूला एक स्थळ आलं होतं, केनवडकडचं. घर भरलेलं, समोरच्या खोलीत गव्हाची थप्पी. पोहे झाले, चहा झाला, आणि होणाऱ्या व्याह्यासमोर गुलाबरावांनी खिशातून परखी काढून थप्पीतल्या मधल्या पोत्यात खुपसली. भुसा निघाला. घर भरलेलं दिसावं म्हणून वर गव्हाची दोन पोती, खाली सगळा भुसा. गुलाबराव उठले, लग्न मोडलं. त्यांचं खरंच होतं. पण नंतर तालुक्यात एवढंच पसरलं की हा माणूस सोयरिकीलाही परखी मारतो, आणि वैशूला दुसरं स्थळ आलंच नाही. ती नर्सिंग शिकली, भाषा शिकली आणि जपानमधल्या ओसाका शहरात गेली. तिथल्या एका वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांची देखभाल करते.

परवाच्या दिवाळीनंतर तिने बापाला तिकीट पाठवलं. चार दिवस या, फिरू, खाऊ. गुलाबरावांच्या फोनला फक्त बटणं आहेत, म्हणून चार दिवसांचा कार्यक्रम फोटोंसकट माझ्या मोबाईलवर आला. आमची कामं ठरली. मी दाखवायचं, त्यांनी संशय घ्यायचा, पटलं तर मी वहीत लिहायचं.

"पहिला दिवस," मी वाचलं. "ओसाकाचा किल्ला. आतमध्ये लिफ्ट आहे, काका, तुमचे गुडघे दुखायला नकोत."

"किल्ल्यात लिफ्ट?"

"हो. किल्ला नव्याने बांधलाय म्हणे."

"मंग तो किल्ला कायचा? वरून किल्ला अन् आतून दवाखाना. खोड."

मी खोडलं. दुसरा दिवस, खाऊगल्ली. त्या गल्लीतल्या हॉटेलांच्या काचेत ताटंच्या ताटं मांडलेली होती, भात, भाजी, वाफाळता रस्सा. वैशूने खाली लिहिलं होतं की हे सगळं प्लॅस्टिकचं, दाखवण्यापुरतं. गुलाबरावांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला.

"वरचा दाना काचेत ठेवतेत!" ते जवळजवळ आनंदाने म्हणाले. "पाह्यलं का मास्तर? सारं गावच तसं."

पत्ताकोबीच्या एका जाड धिरड्याचा व्हिडिओ होता. धिरड्यावर पातळ कागदासारखं काहीतरी आपोआप हलत होतं.

"हे काहून हालून राह्यलं? जित्तं हाय का?"

"सुक्या मासळीच्या चकत्या आहेत. वाफेने हलतात." मासळी हा शब्द तोंडातून गेलाच. ते माझ्याकडे बघत राहिले. मी घाईघाईने धिरडं खोडलं.

एकच गोष्ट त्यांना पसंत पडली. एक माणूस लोखंडी साच्यात पिठाचे गोल गोळे भाजत होता आणि टोकदार सळईने टोचून टोचून ते फिरवत होता. गुलाबराव पुढे सरकले. "हा मानूस आपल्या धंद्यातला हाय."

"पण आत आठ पायांच्या जलचराचा तुकडा असतो, काका."

"असू दे. मी कुठं खाऊन राह्यलो? हात पाहीन त्याचा फक्त."

असे पंधरा दिवस गेले. वहीत चार पानं, त्यात न खोडलेली एकच ओळ, गोळेवाल्याचा हात. वैशू रोज विचारायची, "मास्तर, बाबांले काय आवडलं?" मी काय सांगणार? मग ती बापाशी बोलायची. "जेवली का वो?" "हाव, जेवली ना बाबा." "काय?" "भात, वरन." "बरी हाय ना?" "एकदम मजेत." फोन ठेवला की गुलाबराव बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत. एकदा म्हणाले, "तिथं आपल्या साडेतीन घंटे आधी सांज होते म्हनते. म्हंजे आपन इचारेस्तोवर तिच्यापाशी उत्तर तयार राह्यते."

मला मात्र वेगळीच काळजी. त्यांनी परखी बरोबर न्यायची ठरवली होती आणि मला हातातल्या छोट्या बॅगेच्या अस्तरात तिच्यासाठी खिसा शिवायला सांगितलं होतं. विमानतळावर पकडले गेले तर हा खिसा कोणी शिवला असं विचारणार, आणि माझं नाव निघणार. मी चार वेळा सांगितलं की छोट्या बॅगेत नको, मोठ्या बॅगेत टाका. पण खिसा शिवला. माझ्याच हाताने, दुहेरी टीप घालून.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, ते ओसरीवर आले. डबा उघडला, झाकण लावलं. मग जाण्याऐवजी समोर बसले.

"वही काढ. आता लिह. वैशूची भांड्याची मांडनी."

मी लिहिलं. वाटलं, काहीतरी आणायचं असेल.

"तांदळाचा डबा. किती भरला हाय ते. खालपर्यंत. चपलीचे तळ. ताटं किती हायेत, एक का दोन. अन् रस्त्यानं जाताना तिले कोनी नावानं हाक मारते का."

"काका, हा कार्यक्रम आहे?"

"हाच कार्यक्रम हाय. बाकीचं तिनं दाखवलेला कोपरा होता." ते खाली बघत होते. "एका पोत्यात परखी मारली, मास्तर, अन् पोरगी समुद्रापल्याड गेली. आता ती मजेत हाय म्हनते. मले पाह्यचं हाय."

मी पेन धरून बसलो.

"तू तुह्या मायले फोनवर काय सांगतो? जेवनाचं?"

"जेवलो म्हणून सांगतो."

"अन् जेवलेला राह्यतो?"

त्यांनी डब्याकडे पाहिलं नाही. गरजच नव्हती. माझ्या डब्यात बहुतेक दिवशी काय असतं ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मासळी कधीच नव्हती, पण दुसरंही फारसं काही नसायचं.

"पोट्टं दुरून सांगते, जेवलो. माय घरी बसून मानते," ते म्हणाले. "मी तं रोज झाकन उघडून पाह्यतो." आणि खिशातून परखी काढून त्यांनी माझ्या मशीनवर ठेवली. "हे राहू दे इथंच. घरच्या मानसाच्या घरात हे घेऊन जायाचं नसते. मले उशिरा समजलं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या जीपने ते गेले. अस्तरातला खिसा रिकामाच गेला.

पाच दिवस काही कळलं नाही. सहाव्या दिवशी दुपारी वैशूच्या नंबरावरून दोन फोटो आले. एका फोटोत गुलाबराव गोळेवाल्याच्या शेजारी उभे, त्याची सळई हातात, आणि गोळेवाला पोट धरून हसतोय. दुसरा त्यांनी स्वतः काढलेला असणार. वाकडा, अर्ध्यात त्यांचं बोट. उरलेल्या अर्ध्यात तांदळाचा डबा, झाकण उघडं, तळ दिसतोय. खाली त्यांचा आवाज होता. मागे कुठेतरी वैशू हसत होती, की नाक ओढत होती, नीट कळलं नाही.

"मास्तर, वरचा दाना चांगला हाय. मधला बी. खालचा थोडा ओला निंघाला. काही नाही, ओला दाना उन्हाले ठेवला की सुकते. तिनं तिकीट पुढं ढकललं, मी आनखी आठ दिवस थांबून राह्यलो. ती भात लावते, मी पत्ताकोबी चिरतो. अन् तू जेवला का? झाकन उघडून फोटो पाठव."

माझा डबा शेजारीच होता. त्यात बिस्किटाचा अर्धा पुडा होता.

मी मशीन थांबवलं, मागच्या खोलीत जाऊन तांदूळ धुतले. ट्रंकेच्या तळाची सुकट काढून तीन पिशव्या सोडवल्या, पण माळकऱ्याच्या घरात ती भाजायला हात धजेना, परत गुंडाळली. भात झाला, डब्यात भरला, वाफ येत असताना फोटो काढला. छान आला. पाठवणार तोच मनात आलं, हा तर मालकाने दाखवलेला कोपरा झाला.

म्हणून शेजारी बिस्किटाचा पुडा ठेवून दुसरा काढला. दोन्ही पाठवले. मग आईला फोन लावला.