पहिल्या उकळीचं कडू

बिसेनकाकांकडे गेलं की पाणी नंतर मिळतं, आधी जिभेवर काहीतरी कडू ठेवलं जातं. कधी कारल्याची चकती, कधी मेथीदाणे, आणि अलीकडे एक हिरवी गोळी. "थुकायचं नाही जी मास्तर, चावा. आता सांगा, कुठं लागून राह्यलं? जिभेले का घशाले?" उत्तर दिल्याशिवाय खुर्ची मिळत नाही. मी शाळेत शिकवतो, तरी एवढी कडक तोंडी परीक्षा मी कधी घेतली नाही. आमच्या गल्लीतला दूधवाला तर पिशवी फाटकाला अडकवून पळ काढतो.

काका नोकरीतून निवृत्त झाले आणि घरच्या घरी बीयर बनवू लागले. गोंदियात राईस मिल हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कणकीला, म्हणजे तांदळाच्या तुकड्याला, तोटा नाही. जवाचं माल्ट आणि हॉप मुलगी बंगळुरूहून पाठवते. हॉप म्हणजे एका वेलीची फुलं. वाळवून दाबली की त्या हिरव्या गोळ्या होतात. पहिल्या उकळीला टाकल्या की कडूपणा पाण्यात उतरतो, गॅस बंद करताना टाकल्या तर नुसता वास. वासाच्या हॉपला काका "अत्तर" म्हणायचे आणि नाक मुरडायचे. सगळा जीव कडूवाल्यात. मुलीसाठी स्थळं पाहताना केली नसेल एवढी चिकित्सा त्यांनी कडू हॉपच्या जाती निवडताना केली.

निवड शेवटी काकूंचीच असायची. त्या बीयर पीत नसत. एक घोट तोंडात धरायच्या, तोंड वाकडं करायच्या आणि निकाल द्यायच्या, "हे घशात बसते. फेका." मॅग्नम नावाची जात आली तेव्हा मात्र म्हणाल्या, "हे बरं आहे. लागते अन् जाते." तेव्हापासून काका येईल त्याला ऐकवायचे, "कडू कसं पाहिजे जी? लागलं पाहिजे अन् गेलं पाहिजे."

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. घाटावरून परतल्यावर रीतीप्रमाणे आम्ही दाराशी कडुनिंबाचा पाला चावला. काकांनी चावला, पुन्हा घेतला, मग मूठभर तोंडात कोंबला. हिरवी लाळ सदऱ्यावर ओघळली. माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, हे कडू काऊन नाही लागून राह्यलं जी?"

तेव्हापासून काकांच्या जिभेला कडू कळत नाही. डॉक्टरांना जिभेत काही सापडलं नाही, आणि काकांच्या मते दोष हॉपचा. पाकिटाला हवा लागली असेल, कुरिअरची गाडी हायवेवर कोहमाऱ्याच्या ढाब्यावर उन्हात उभी राहिली असेल. मग मॅग्नम दुप्पट, मग चौपट. वर्षश्राद्धाला मुलगी येईल तेव्हा काकूंच्या पसंतीची बीयर तंतोतंत जमली पाहिजे, एवढाच ध्यास. समोरचे कटरे ग्लासभर प्यायले आणि नंतर चहात साखर घालतच राहिले. तरी वाईट कोणी म्हणेना. आम्ही भिडेपोटी "ठीक आहे" म्हणायचो. काका हिरमुसून म्हणायचे, "नुसतं ठीक? मंग कमीच पडलं." की पुढच्या गंजात, म्हणजे उकळीच्या पातेल्यात, आणखी हॉप. हळूहळू लोकांनी त्या घराकडे जाणंच सोडलं. संध्याकाळी काका फाटकाशी ग्लास घेऊन उभे दिसत, आणि मला फार वाईट वाटे.

परवा मी आपणहून गेलो. ठीक म्हणायचं घरूनच ठरवलं होतं, पण घोट घेतला आणि तोंड ऐकेना. डोळे मिटले, ओठ पार डावीकडे गेले.

"काका, हे घशात बसलं. फेका."

काका रागावले नाहीत. खुर्ची पुढे ओढून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"तिचं बी अस्संच होत होतं. डावीकडे," ते म्हणाले. "तुमाले खरं सांगू का मास्तर? मी बीयरची चव कधी पाह्यलीच नाही जी. तिच्या तोंडाकडेच पाहत राहो. ते सरळ झालं का समजो, जमली."

मग त्यांनी विचारलं, "किती कमी करू?"

"पार पहिल्याइतकं," मी म्हणालो. "आणि पुढची झाली की मला बोलवा."

त्यांनी मान हलवली, पण नजर हटवली नाही. घशातला कडूपणा हळूहळू ओसरला. मी मात्र आणखी थोडा वेळ तोंड वाकडंच ठेवलं.