चौथ्या दरवाजाची दुपार

पाटबंधारे कार्यालयात सांगितलेली माहिती सांगणाऱ्याजवळ उरत नसे. ती ज्या प्रसंगी मिळाली, तो प्रसंगही तिच्यासोबत निघून जाई. कागदावर उतरवली, तरी पहिल्या वाचनासरशी कागद कोरा होई. म्हणूनच ग्रंथपाल दिगंबर कर्णिक यांची नेमणूक झाली होती: ज्याला जे हवे ते त्यांनी सांगायचे, आणि काम उरकल्यावर त्याने ते ग्रंथपालांना परत सांगायचे.

परत सांगणारे थोडे. पस्तीस वर्षांत कर्णिकांजवळचे बहुतेक सारे वाटले गेले होते. निवृत्तीच्या दिवशी ते कोऱ्या खंडांवरची धूळ झटकत असताना अभियंता रेवती सोनटक्के धापा टाकत आल्या.

“गळतीची माहिती अजून परत आली नाही, बाई.”

“सर, आज तरी वसुली नको! धरणाचा चौथा दरवाजा अडकलाय. पाणी चढतंय, खाली तीन गावं आहेत.”

कर्णिकांचा हात थांबला. त्या दरवाजाची माहिती त्यांना आरेखक इंदू माजगावकर यांनी दिली होती. गच्चीवर, मृत्यूच्या आदल्या वर्षी. इंदूताईंची तेवढी एकच दुपार त्यांच्याजवळ शिल्लक होती. बाकीच्या, जेवढ्या असतील तेवढ्या, लोक घेऊन गेले होते.

“दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही?”

“असतं, तर तुमचे टोमणे ऐकायला आले असते का?”

कर्णिकांनी खुर्ची पुढे सरकवली.

“बसा. इंदूताई पेरूला तिखटमीठ लावत होत्या. म्हणाल्या, ‘अहो कर्णिक, त्या दरवाजाला जोर लावू नका. साखळी आधी अर्धा वेढा मागं घ्या. तो कण्हला की थांबा. मग उचला.’ आणि हसल्या. पदर तोंडाशी न नेता, मोकळ्या…”

कर्णिक मध्येच थांबले आणि बाईंकडे पाहू लागले.

“झालं का माझं सांगून?” कर्णिकांनी विचारले.

“झालं, सर.” सोनटक्केबाईंनी डोळे पुसले. “किती छान हसायच्या हो त्या!”

“कोण?”

बाईंनी तोंड उघडले आणि मिटले. “ते सांगितलं, तर दरवाजा उघडता यायचा नाही.”

“मग मुळीच सांगू नका. काम झाल्यावर सांगा.”

“तोवर तुम्ही इथं नसाल, सर.”

“नव्या ग्रंथपालांना सांगा. नियम तोच आहे,” कर्णिक म्हणाले, आणि बाईंना उशीर होऊ नये म्हणून स्वतः जिन्यापर्यंत पोचवायला गेले.