आधी नाना

आमच्या गल्लीत कावीळ कोणालाही होवो, औषधाचा पहिला घोट नाना घेत.

देवपुरात बिऱ्हाड केलं त्या पहिल्याच आठवड्यात मी हे पाहिलं. शेजारचा एक म्हातारा पिवळाधमक होऊन बाजेवर कण्हत होता आणि त्याच्यासाठी स्वतः केलेलं औषध नाना त्याच्याच समोर बसून शांतपणे पीत होते. पेला अर्धा झाल्यावर त्यांनी त्यावर ताटली झाकली, भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड केलं आणि मांडी ठोकून बसले. पूर्ण एक तास. म्हातारा म्हणाला, "नाना, मी मरी जासू तवलोंग!" नाना म्हणाले, "आधी मी. मंग बठ्ठा जग."

आधी ते, मग सगळं जग, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्याकडे चहा झाला की ते माझ्या कपातला घोट घेत, जिभेवर घोळवत, आणि मग कप माझ्याकडे सरकवत, "प्या मास्तर." गल्लीचं मत असं, की नाना हावरट आहेत. मी शाळेत शास्त्र शिकवत असल्यामुळे माझं मत थोडं अधिक खोल होतं: नाना हावरट आहेत आणि वर त्याचा सोहळा करतात.

सोहळा तर विचारू नका. शनिवारी संध्याकाळी ते पांझरेच्या काठी जात, एका झुडपाला हळदकुंकू वाहत, अक्षता टाकत आणि रीतसर आमंत्रण देत, "सकाय येसू बरं माय, तयार ऱ्हायजो." रविवारी सकाळी कोणाशी न बोलता जाऊन ते उपटून आणत. न विचारता तोडलेली वनस्पती डूख धरते म्हणे. त्या वनस्पतीचं नाव मात्र कोणी विचारायचं नाही. ते पोटच्या पोराला सांगायचं, एकदाच, कानात. नाना एकटेच राहत. म्हणजे हे रहस्य त्यांच्याबरोबरच जाणार होतं. रहस्य म्हणजे भुईआवळी. ती माझ्या न्हाणीमागे हातभर माजली होती. पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. मुख्याध्यापकांपासून मामलेदारांपर्यंत सगळ्यांचा थाट मी मुकाट्याने सोसत होतो, त्यात नानांचा काय जड होता?

लोक त्यांना भीतही. रस्त्यात गाठून ते माणसाची खालची पापणी ओढून बघत, "हं" म्हणत आणि चालू लागत. त्या "हं"ने चांगली धट्टीकट्टी माणसं दोन दोन दिवस जेवत नसत.

एका भाद्रपदात त्यांनी माझ्या बायकोची, मालतीची पापणी ओढली. आणि "हं" म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत. मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलो.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तेलतूप बंद केलं, ग्लुकोज लिहून दिलं. तीन आठवडे झाले. मालतीची नखंसुद्धा पिवळी पडली. आधी ती मला "जेवलात का?" विचारायची, तेही तिने सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. वर्गात फळ्यावर फुलाचे भाग काढता काढता माझा हात थांबे, आणि पोरं एकमेकांकडे बघत. घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी माणसं जमलेली दिसली की मी धावत सुटे. ती भाजीवाल्याभोवती जमलेली असत. तरी सुटे.

एका शनिवारी मी नानांच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "नाना, तेवढं आमंत्रण देऊन या." माझी विज्ञाननिष्ठा तीन आठवडे टिकली. बऱ्याच जणांची एवढीही टिकत नाही.

रविवारी सकाळी नानांनी आमच्या ओट्यावर झुडपं खलात कुटली, रस ताकात मिसळला, अर्धा पेला प्यायले, ताटली झाकली. घड्याळाचा लंबक हलत होता. मालती बाजेवर उठून बसली होती. दहा मिनिटं. वीस. अर्ध्या तासाने मालतीचा धीर सुटला. "नाना, पुरे झालं आता," असं म्हणून तिने ताटली काढली आणि पेला उचलला.

तेवढ्यात मला नानांच्या कपाळावरचा घाम दिसला.

"नको माय!"

एवढं ओरडून त्यांनी हाताने तो पेला उडवला. ताक भिंतीवर उडालं. नाना पोट धरून मोरीकडे गेले आणि ओकू लागले. ते थांबेचना.

मी खलाशेजारी उरलेल्या डहाळ्या बोटाने पसरल्या. पानं तशीच, बारीक, ओळीने लागलेली. पण भुईआवळीच्या पानांखाली हिरव्या मण्यांसारखी फळं असतात, ती काही डहाळ्यांना नव्हतीच. एक देठ मोडला तर पांढरा चीक आला. दुसरंच झुडूप त्यात मिसळलं होतं. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दाटला होता. हा माणूस रोज माझ्या समोर बसून चहा पीत होता, आणि मला ते दिसलं नव्हतं.

डॉक्टर मालतीसाठी येत, ते त्या दिवशी नानांसाठी आले. संध्याकाळी नाना आमच्या भिंतीला टेकून बसले. मालतीकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "मनी एक पोर व्हती. भडगावले. आज तुना एवढी ऱ्हाती."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"ताप व्हता तिले. माले घाई व्हती. इचारं नही, चाखं नही, मीच औसद दी टाकं." मग बराच वेळ ते घड्याळाकडे बघत राहिले. "ती गई. मी ऱ्हायनू."

त्यानंतर नानांनी कोणाला औषध दिलं नाही. दारात आलेल्यांना ते दवाखान्याचा रस्ता दाखवत. मालती हळूहळू बरी झाली. डॉक्टर म्हणतात पथ्याने. मीही तेच म्हणतो.

दिवाळीनंतर एका सकाळी ते अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आमच्याकडे आले. मालतीला म्हणाले, "पोरी, आठे ये." ती वाकली. त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. फार तर एक शब्द.

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"तुम्हाला नाही सांगता यायचं," मालती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. न्हाणीमागच्या झुडपाबद्दल मी तिलाही कधी सांगितलं नाही.

मग ती आत गेली आणि नानांसाठी चहा घेऊन आली. नानांनी हात पुढे केला तसा तिने कप मागे घेतला.

"आधी मी," ती म्हणाली, आणि त्यातला एक घोट घेऊन तिने कप त्यांच्या हातात दिला.

नानांनी तो दोन्ही हातांत धरला. घड्याळाकडे पाहिलं नाही. लगेच प्यायले.